कारवानी कुत्रीची नसबंदी: चौथ्या दिवशी टाक्यांखाली सूज, आणि कॉलर डोक्यावर टिकत नाही

तासगाव_मळा

कारवानी कुत्री, वय १४ महिने, वजन २१ किलो. मागचा माज संपून तीन महिने झाल्यावर सोमवारी सकाळी ऑपरेशन केलं. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढलेत. आज शुक्रवार. बेंबीच्या खाली मध्यरेषेवर सुमारे सहा सेंटिमीटरची चीर आहे, बाहेरून काळ्या नायलॉनचे सात टाके. औषधात मेलोक्सिकॅमचं कुत्र्यांचं सिरप (एका मिलीत १.५ मिग्रॅ) रोज एकदा १.४ मिली, पाच दिवस. शिवाय अँटिबायोटिकची गोळी दोन वेळा.

आत्ताची स्थिती अशी. टाके सगळे जागेवर आहेत, पू नाही, वास नाही. चिरेच्या खालच्या टोकाला कालपासून सूज दिसते, अंदाजे तीन सेंटिमीटर लांब, दोन रुंद. चिरेच्या दोन्ही बाजूंना जांभळट डाग होते, ते आता हिरवट-पिवळे दिसतात. खाणं निम्म्यावर आलंय. लघवी व्यवस्थित, पण ऑपरेशननंतर शी अजून झालेली नाही. जखम चाटू नये म्हणून दवाखान्यातून दिलेली, डोक्याभोवती बसणारी प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर ती मान खाली घालून पंजाने काढून टाकते. काढली की पहिलं काम पोट चाटणं.

घर मळ्यात आहे. शेजारीच गोठा, आणि पावसामुळे माश्या भरपूर. घरातल्यांचं म्हणणं, आपल्या सांगलीची हळद खोबरेल तेलात कालवून टाक्यांवर लावावी. ती लावायची का? सुजेला घाबरायचं का? कॉलरचं काय करायचं? आणि तिला मोकळं पळायला कधी सोडायचं? दोन दिवसांपासून ती बऱ्यापैकी तरतरीत आहे, दोरी धरून ठेवणं अवघड झालंय.

---

पशुवैद्य_मिरज

आधी हळदीचं, कारण ते आज संध्याकाळीच लावलं जाईल. लावू नका. बंद टाक्यांच्या जखमेवर कसलीही पूड घातली की ती ओलाव्यात भिजते, टाक्यांच्या गाठींभोवती तिचा खवला धरतो आणि त्याखाली जंतू वाढतात. तेलाने त्यावर धूळ आणि केस चिकटतात, शिवाय ते चाटायला तिला आयतं निमित्त मिळतं. दुसरा तोटा जास्त मोठा आहे. हळदीने कातडी पिवळी झाली की लाली दिसत नाही. जखम बिघडतेय हे कळण्याची पहिली खूण लालीच असते. गोठ्यात गायींच्या जखमांना मारतात तो चंदेरी स्प्रे आणि जांभळं औषध, दोन्ही याच कारणासाठी नकोत.

टाक्यांवर काही न लावणं हाच नियम. चिरेजवळ माती किंवा सुकलेलं रक्त असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये स्वच्छ गॉज भिजवून, पिळून, अलगद टिपायचं. घासायचं नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल यांनी नव्याने तयार होणाऱ्या पेशी मरतात. बीटाडीन डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, तेही कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून.

आता सूज. चौथ्या दिवशी खालच्या टोकाला येणारी मऊ सूज बहुतेक वेळा सिरोमा असते. पोट तीन थरांत शिवलेलं असतं. सर्वात आत स्नायूंचा पांढरा पडदा, मग चरबीचा थर, मग कातडी. कुत्री हालचाल करते तेव्हा कातडी आणि पडदा एकमेकांवर सरकतात, मधल्या पोकळीत पाण्यासारखा पिवळट द्रव साठतो आणि उताराकडे उतरतो. जितकी पळापळ, तितका द्रव. चरबी कमी आणि कातडी पातळ असलेल्या हाउंडमध्ये (कारवानीसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांत) तो लगेच दिसूनही येतो.

पण सिरोमा समजून हर्निया किंवा पिकलेली जखम अंगावर काढणं धोक्याचं, म्हणून हात धुऊन हे पाहा. कुत्रीला कुशीवर निजवा. तळहाताची मागची बाजू सुजेवर ठेवा, मग मांडीच्या आतल्या कातडीवर. दोन्हीकडे ऊब सारखी लागली तर ठीक. सुजेकडची कातडी गरम, लाल आणि हात लावताच कुत्री कळवळत असेल तर संसर्ग. बोटाने हलकं दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखं हलतं का? हललं तर द्रव. सूज पोटात आत शिरते आणि बोट काढलं की परत बाहेर येते, किंवा आत गुळगुळीत वळवळ लागते, तर आतला पडदा उसवला असण्याची शक्यता आहे. तेव्हा दाबून बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. चिरेच्या बरोबर खाली, सगळ्या लांबीभर पेन्सिलएवढी कडक पट्टी लागेल. ती आतल्या टाक्यांची, नेहमीचीच, आणि चार ते सहा आठवडे राहते.

हिरवट-पिवळे डाग म्हणजे जुनं रक्त विरघळतंय. काळजी नको.

गुदद्वारातून ताप मोजा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन, दोन सेंटिमीटर आत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३.५ च्या वर गेलं तर फोन करा. ९९ च्या खाली असेल तर त्याहून लवकर करा. ओठ उचलून हिरडी पाहा, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत. हे आकडे इथे टाका, मग नीट सांगता येईल.

---

जत_हाउंड

कॉलरचं सांगतो. कारवानी, मुधोळ, पश्मी या सगळ्यांची डोकी अरुंद आणि मान जवळपास डोक्याइतकीच जाड. लॅब्राडोरला बसणारी कॉलर मान खाली केली की सुटते, त्यात कुत्रीचा दोष नाही. त्यातून थोबाड लांब आणि मान लवचिक. दवाखान्यात वजनावरून माप देतात तिथे घोटाळा होतो, २१ किलोची कॉलर हाउंडच्या नाकापर्यंतही पोचत नाही.

माप असं घ्या. गळपट्टा बसतो तिथून नाकाच्या टोकापर्यंत टेपने मोजा, त्यात पाच सेंटिमीटर मिळवा. कॉलरची खोली तेवढी पाहिजे. मानेजवळ दोन बोटं जातील इतकी सैल, तिसरं जायला नको. मग ती निसटू नये म्हणून कॉलरच्या मागच्या भोकांतून नाडा ओवून तो छातीला गुंडाळायचा. एक फेर पुढच्या पायांच्या पुढून, एक बगलांच्या मागून, गाठ पाठीवर. तुमच्याकडे छातीचा पट्टा असेल तर कॉलर सरळ त्यालाच बांधा, मात्र पट्ट्याचा कुठलाही भाग चिरेला घासणार नाही हे बघा. नाडा रुंद घ्या, सुतळी नको. हाउंडच्या बगलेतली कातडी सुतळीने एका रात्रीत सोलते. कातडीला चिकटपट्टी तर लावूच नका, काढताना सालपट निघतं.

पाण्याची वाटी विटेवर ठेवा. वाटी कॉलरच्या तोंडापेक्षा लहान पाहिजे, म्हणजे कॉलर वाटीभोवती बसते. कॉलरमुळे वाटीपर्यंत तोंड पोचत नाही आणि घरचे म्हणतात कुत्री खात नाही, हे फार ठिकाणी होतं. समोर बसून खायला घालताना कॉलर काढली तरी चालेल, पण हात गळपट्ट्यावर ठेवून. पाठ वळवायची असेल तर आधी कॉलर.

चाटण्याचं एक कारण टाके नसून हजामत असते. मशीनने केस काढलेल्या जागी बारीक लाल पुरळ येतं, ते खाजतं. चिरेपासून लांब, जिथे केस काढलेत तिथे पुरळ दिसलं तर डॉक्टरांना फोटो पाठवून मलम विचारून घ्या. खाज थांबली की निम्मा प्रश्न मिटतो.

---

पाटणखोरे

कॉलर अजिबात सहन होत नसेल तर जुना सुती टीशर्ट घालतात. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून, आणि उरलेलं कापड पाठीवर गोळा करून गाठ. कुत्री बसून लघवी करते म्हणून मागची कड बेंबीखालीच दुमडून ठेवायची. तुमच्याकडे मात्र पाऊस आहे, त्यामुळे माझं मत कॉलरच्याच बाजूने. ओल्या कापडाखाली टाके दिवसभर दमट राहतात, चार-पाच दिवसांत कडा पांढुरक्या आणि फुगीर होतात. शिवाय कापडावरूनही कुत्री चाटते, मग थुंकीने भिजलेलं कापड जखमेला चिकटलेलं राहतं. टीशर्ट वापरलाच तर कॉलरच्या जोडीला, आणि ओला झाला की लगेच बदलायचा.

माश्यांचं जास्त गंभीर आहे. पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला काय आणि कृष्णाकाठी काय, ओलसर जखमेवर माशी बसली की अंडी घालते. तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके टाक्यांवर किंवा जवळच्या केसांत दिसतात. ऊबेत ती अंडी २४ तासांच्या आत फुटून अळ्या होतात. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पोट उजेडात बघायचं. अंडी दिसली तर ओल्या गॉजने पुसून काढून लगेच डॉक्टरांना कळवा. आमच्याकडे गुरांच्या जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाइन ओततात. ते या कुत्रीच्या पोटावर नको. कातडी भाजते, आणि चाटलं तर पोटात जातं.

तिला गोठ्यापासून लांब ठेवा. ओसरीत मच्छरदाणी लावून किंवा खोलीत पंख्याखाली. वाऱ्याच्या झोतात माशी बसत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि पोत्यावर निजवू नका, सारवणात जंतू आणि पोत्यात गोचीड. फरशीवर सतरंजी, तिच्यावर धुतलेली सुती चादर, चादर रोज बदला. माशी पळवणारा स्प्रे मारायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि चिरेवर नाही, भोवतालच्या केसांवर. बाहेरून आणल्यावर पोट टॉवेलने टिपून कोरडं करा, पंजेही.

---

तासगाव_मळा

सर्वांचे आभार. हळद थांबवली.

आजचे आकडे. ताप १०१.८. हिरडी गुलाबी, रंग दीड सेकंदात परत येतो. झोपेत श्वास मिनिटाला २२. सूज वाढून पाच सेंटिमीटर बाय तीन झाली आहे. मऊ, गार, पाण्यासारखी हलते, आत शिरत नाही. दुपारी ती पलंगावर उडी मारून चढली होती, त्यानंतर वाढलेली दिसली. कॉलर छातीच्या पट्ट्याला बांधली, आता निघत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या होत्या. घरात नसबंदी न केलेला एक नर आहे. तो तिच्या मागेमागे फिरतो, त्याने काही होईल का? मेलोक्सिकॅम उद्या संपतंय, गोठ्यात गायींसाठी आणलेल्या त्याच औषधाच्या मोठ्या गोळ्या आहेत, त्यातला तुकडा दिला तर? आणि सुजेतलं पाणी सुईने काढून घ्यावं का?

---

पशुवैद्य_मिरज

तुम्ही लिहिलेलं सगळं सिरोमाकडे बोट दाखवतं. पण एक गोष्ट करा, बॉलपेनने सुजेच्या कडेला कातडीवर रेघ मारा आणि रोज एकाच कुशीवर निजवून फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. रेघेच्या बाहेर सूज गेली का, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडायचं नाही. उद्याचा आणि परवाचा फोटो तुमच्या डॉक्टरांना पाठवा. उद्या वाढ थांबली नाही तर त्यांना प्रत्यक्ष दाखवा, कारण हात लावून तपासल्याशिवाय लहान हर्निया नक्की नाकारता येत नाही.

सुई नको. पाणी काढलं की पोकळी तशीच राहते, एक-दोन दिवसांत परत भरते, आणि प्रत्येक सुईबरोबर बाहेरचे जंतू आत जाण्याची वाट उघडते. निर्जंतुक द्रव पिकला की मग खरंच उघडून धुवावं लागतं. शरीर हा द्रव दोन-तीन आठवड्यांत स्वतः शोषून घेतं. सूज इतकी ताणली गेली की टाके कातडीत रुतायला लागले, तर काढायचा निर्णय डॉक्टर दवाखान्यात घेतील. घरी शेकायचं असेल तर सुती कापड कोमट पाण्यात पिळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे टाके ओले होत नाहीत, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. तुमच्या मनगटाला सोसेल तेवढीच ऊब. ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस शेक चालत नाही, रक्तस्राव वाढतो. तुमचे ते दिवस गेलेत.

गायीची गोळी अजिबात नको. ती तीन-चारशे किलोच्या जनावराच्या हिशेबाने बनवलेली असते. कुत्र्याचा डोस पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ, पुढे किलोमागे ०.१. तुमच्या कुत्रीला रोज २.१ मिग्रॅ, म्हणजे तुम्ही देताय ते १.४ मिली बरोबर आहे. कुऱ्हाडीने फोडलेल्या तुकड्यात किती औषध आलं हे कोण सांगणार? जास्त झालं तर जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडं खराब होतात. शिवाय गुरांच्या काही गोळ्यांत मेलोक्सिकॅमबरोबर पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांचंही तेच. पाच दिवसांनंतर बहुतेक कुत्र्यांना वेदनाशामक लागत नाही. दुखत असेल तर डॉक्टर मुदत वाढवून देतील. सिरप नेहमी खाण्याबरोबर द्या. उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी झाली किंवा खाणं पूर्ण बंद झालं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. या औषधाबरोबर स्टेरॉइड कधीच नाही, त्वचेच्या खाजेसाठी कुणी इंजेक्शन देऊ केलं तर मेलोक्सिकॅम चालू असल्याचं आधी सांगा.

नराला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. माज तीन महिन्यांपूर्वी संपलेला असल्याने तो बहुधा नव्या वासामुळे मागे लागलाय, पण त्याने अंगावर चढायचा प्रयत्न केला तरी पोटावर आणि आत बांधलेल्या भागावर ताण येतो. तो टाकेही चाटेल. पुढे त्याचीही नसबंदी करणार असाल तर ध्यानात ठेवा, ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना त्याच्या नळ्यांत शुक्रजंतू उरलेले असू शकतात.

तिचे सड रोज बघा. माजानंतर दोन-तीन महिन्यांनी अंडाशय काढले की हार्मोन एकदम खाली येतं, आणि काही कुत्र्यांच्या सडांत ऑपरेशननंतरच्या आठवड्यात दूध येतं, चपला गोळा करून त्यांना जवळ घेऊन बसतात. सड पिळायचे नाहीत, पिळल्याने दूध वाढतं. सहसा आपोआप ओसरतं. सड कडक आणि गरम झाले तर दाखवा.

रात्री-अपरात्री थांबायचं नाही अशी लक्षणं: हिरडी पांढरी पडणं, कान-पंजे गार, पोट फुगून ताठ, उभं राहिल्यावर तोल जाणं. हे आतल्या रक्तस्रावाचं, बहुतेक पहिल्या २४ तासांत दिसतं, पण नंतर दिसलं तरी तितकंच गंभीर. चिरेतून गुलाबी-लाल पाणी एकाएकी भरपूर यायला लागलं तर आतला पडदा सुटत असेल, तेही तातडीचं. टाके पूर्ण सुटून आतडं दिसलं तर आत ढकलू नका, धुऊ नका. सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर, भोवती टॉवेल घट्ट नाही पण सुटणार नाही असा गुंडाळा, तोंड तिथे पोचू देऊ नका, खायला-प्यायला काही नको, आणि गाडीत घाला. अशा वेळी घरी कुणाची वाट बघत बसायचं नाही. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक माहितीसाठी ठेवा, पण उघड्या पोटाला टेबल आणि भूल लागते, ती दवाखान्यातच. सातारा जिल्ह्याच्या उत्तर भागातल्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

---

सातारा_श्वानआहार

खाण्याचं आणि शीचं राहिलं.

भूल, आधीचा उपास आणि वेदनाशामकं यांनी आतडी मंदावतात, त्यात पोटात अन्नही कमी. तीन-चार दिवस शी न होणं चालतं, फक्त ती खात असली पाहिजे आणि उलटी नको. उकडलेला लाल भोपळा दोन-तीन चमचे जेवणात मिसळा, पाणी वाढवा. एरंडेल तेल, साबणाची वात, दूध पाजून जुलाब करवणं यातलं काही नको. कुंथल्याने आणि मुरड्याने पोटाच्या पडद्यावर ताण येतो. पाचव्या दिवसानंतरही नाही झाली किंवा नुसती कुंथत असेल तर दाखवा.

जेवण कोमट करून द्या. वास आला की भूक लागते. २१ किलोच्या कुत्रीला विश्रांतीत रोजची मूळ गरज साधारण ६९० किलोकॅलरी (वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०). घरात बांधून ठेवलेली असताना याच्या १.२ ते १.४ पट, म्हणजे ८३० ते ९६० पुरतात. मळ्यात पळणारी होती तेव्हा ती याहून बरंच जास्त खात असणार, म्हणून आत्ताचं निम्मं खाणं दिसतं तितकं कमी नाही. अंदाजासाठी: ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत दोनशेच्या आसपास, एका अंड्यात सत्तर, शंभर ग्रॅम उकडलेल्या बिनहाडाच्या चिकनमध्ये दीडशेच्या वर. दोन भाकऱ्या, दोन अंडी आणि दोनशे ग्रॅम चिकन झालं की दिवस भागला. तीन वेळांत विभागून द्या, एकदम पोट भरून नको. हे दोन आठवड्यांपुरतं ठीक आहे, कायम असंच दिलं तर कॅल्शियम कमी पडतं.

कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि तासगावात हे सांगितलंच पाहिजे, गोळी बेदाण्यात लपवून देऊ नका. द्राक्ष आणि बेदाणा, दोन्ही कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक वेगळं असतं. तिच्यावर आधीच मेलोक्सिकॅम चालू आहे, तेही मूत्रपिंडांवरच भार टाकतं. बेदाण्याचं शेड मळ्यात असेल तर खाली सांडलेलं खायला ती तिकडे जाणार नाही याची आजपासूनच व्यवस्था करा. गोळी उकडलेल्या अंड्यात किंवा पनीरच्या तुकड्यात द्या.

टाके निघाल्यावर आहाराकडे परत बघावं लागेल. अंडाशय गेल्यावर भूक वाढते आणि गरज मात्र उलट वीस-तीस टक्क्यांनी उतरते. कारवानीमध्ये शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हेच योग्य अंगमान आहे. शेजारचे म्हणतील कुत्री खंगली, त्यावर जाऊ नका. त्या बरगड्या दिसेनाशा झाल्या की एक भाकरी कमी करा. महिन्यातून एकदा वजन: कुत्रीला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, वजाबाकी करायची. टाके असेपर्यंत उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागे. पोटाखाली हात नको.

---

जत_हाउंड

पळायला कधी सोडायचं, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. चार आठवडे.

कातडी दहा-बारा दिवसांत मिटते, ते डोळ्यांना दिसतं, म्हणून लोक सोडतात. आतला पडदा कातडीपेक्षा सावकाश जुळतो. तीन आठवड्यांनी त्याची मूळ ताकदीच्या पाचव्या हिश्श्याइतकीच मजबुती आलेली असते, तोवर भार आतल्या टाक्यांवर. आणि पहिले तीन ते पाच दिवस तर जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसतेच, नेमकं त्याच दिवसांत वेदना कमी होऊन कुत्री तरतरीत होते. तुमची आत्ता तिथेच आहे. पलंगावरच्या उडीने सूज वाढली ती उगाच नाही.

हाउंडचं पळणं इतर कुत्र्यांसारखं नसतं. भरधाव असताना पाठ धनुष्यासारखी वाकते, मग पूर्ण ताणली जाते, आणि प्रत्येक ढेंगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. तो सगळा ताण पोटाच्या मध्यरेषेवर येतो, म्हणजे बरोबर शिवणीवर. ससा किंवा मुंगूस दिसला की दोन सेकंदांत ती पूर्ण वेगात असते. हाक मारून थांबेल असं धरून चालू नका.

टाके निघेपर्यंत फक्त शी-लघवीसाठी, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चारदा, दोन मीटरच्या आखूड दोरीवर. गळपट्ट्याऐवजी छातीच्या पट्ट्याला दोरी लावा, झटका बसला तर मानेला इजा नको. लांब दोर खुंटीला बांधून ठेवण्यात अर्थ नाही, त्यावर ती पाच पावलं धावून हिसका घेते. पलंग उभा करून ठेवा किंवा खोलीचं दार लावा. जिना, दुचाकी, ट्रॅक्टरची ट्रॉली बंद. दवाखान्यात नेताना चारचाकीत उचलून ठेवा. टाके निघाल्यावर आठवडाभर दोरीवर पंधरा-वीस मिनिटं सावकाश, पुढचा आठवडा अर्धा तास. चौथा आठवडा संपल्यावर आधी बंदिस्त जागेत, मग रान.

बांधून ठेवलेल्या हाउंडचं डोकं गुंतवावं लागतं, नाहीतर ती दार खरवडते. जेवणाचा अर्धा भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, वासाने शोधू दे. दिवसातून दोन-तीनदा. तरीही आवरत नसेल तर डॉक्टर काही दिवसांसाठी शांत करणारी गोळी लिहून देतात. माणसांचं पातळ औषध मात्र परस्पर आणू नका, काहींत झायलिटॉल हे गोडवा आणणारं द्रव्य असतं, ते कुत्र्याला विषारी आहे.

---

पशुवैद्य_मिरज

टाक्यांचा दिवस बाराव्या ते चौदाव्याच्या दरम्यान धरा. तुमच्याकडे सिरोमा आहे, म्हणून चौदावाच बरा, म्हणजे सोमवारी ऑपरेशन झालं त्याच्या पुढच्या-पुढच्या सोमवारी. घरी ब्लेडने कापू नका. नायलॉनची गाठ ओढून बाहेर लोंबणारा मळका धागा कातडीतून आत ओढला गेला तर मागे फोड येतो. कातडीलगत कापून विरुद्ध बाजूने काढायचा असतो. दवाखान्यात जाण्यापूर्वी टाके मोजा. सात होते, सातच निघायला हवेत. मधला एखादा आधीच गळालेला दिसला आणि कडा जुळलेल्या असतील तर हरकत नाही, पण डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते कातडीत रुतलेला तुकडा शोधतील. आंघोळ त्यानंतर दोन दिवसांनी. तोवर अंगाला वास आला तर ओल्या टॉवेलने पाठ आणि पाय पुसा, पोट सोडून.